पाकिटावरचा आकडा, घरातला आकडा

मानपाडा नावाच्या दोन वस्त्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, दुसरी डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यालगत. दोन्हीकडे गेल्या काही दशकांत इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत नवरा-बायको दोघंही डबा घेऊन सकाळी बाहेर पडतात ते दिवेलागणीनंतरच परततात. अशा घरात पाळणा लांबवायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, ‘सगळ्यांत चांगलं साधन कोणतं?’ माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. साधनाचा गुण नुसता साधनात नसतो. ते कोणाच्या शरीरात, कोणत्या वयात आणि कशा दिनक्रमात वापरलं जाणार, यावर तो ठरतो. म्हणून विचारायला हवं ते असं, ‘आमच्या घरात, आजच्या घडीला, कोणतं साधन टिकेल?’

आकडेच पाहू. रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी एकही दिवस न चुकता घेतली, तर वर्षभरात शंभरातल्या एखाद्या स्त्रीलाही क्वचितच दिवस राहतात. पण स्त्रिया ती प्रत्यक्षात जशी घेतात, तसं मोजलं तर हा आकडा सातच्या घरात जातो. निरोधचंही तेच. दर वेळी आणि नीट वापरला तर शंभरात दोन, एरवी तेरा. आयत्या वेळी बाजूला होण्याची पुरुषांची जुनी रीत शंभरातल्या सुमारे वीस जोडप्यांना दगा देते. याउलट तांबी, म्हणजे कॉपर-टी, एकदा बसवली की पाकिटावरचा आणि घरातला आकडा जवळजवळ एकच राहतो, वर्षाला शंभरात एकापेक्षा कमी. कारण साधं आहे. तांबीला आठवण ठेवावी लागत नाही. पाळ्या बदलणारी नोकरी आणि येण्याजाण्यात जाणारे दोन-तीन तास असे जिथे आहेत, तिथे गोळी विसरणं हा बाईचा आळस नव्हे. तो दिनक्रमाचा परिणाम आहे. तो गृहीत धरूनच निवड करावी. सरकारी केंद्रात मोफत मिळणारं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यावं लागतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरक नसलेली छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यायची असते. ही दोन्ही साधनं विस्मरणाला कमी वाव देतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा. ‘तांबी वर चढते’, ‘इंजेक्शननं मूलच होत नाही’, असं शेजारपाजारी ऐकू येतं. ही भीती हसण्यावारी नेऊ नये, पण ती मोजून पाहावी. तांबी बसवताना गर्भाशयाला इजा होण्याचा प्रसंग हजारात एखादा, आणि म्हणूनच ती प्रशिक्षित हातांनीच बसवायची. ती काढली की मूल राहण्याची शक्यता लगेच पूर्ववत होते. इंजेक्शन थांबवल्यावर मात्र काही महिने वाट पाहावी लागते, तेव्हा वर्षभरातच मूल हवं असेल तर ते घेऊ नये. तांबीनं पाळीत जास्त जातं, हेही खरं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, तेव्हा हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. नेहमीची संयुक्त गोळी रक्तदाब असलेल्या, पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या किंवा डोळ्यांपुढे झगझगाट येऊन अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रीनं घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने टाळावी. याचा अर्थ साधनं वाईट आहेत असा होत नाही. शेजारणीला मानवलं ते आपल्याला मानवेलच असं नाही आणि तिला बाधलं ते आपल्याला बाधेलच असंही नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेडिकलच्या दुकानात सहज मिळणारी तातडीची गोळी ही तर फक्त चुकीनंतरची सोय आहे. 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पण महिन्यामागून महिने तिच्यावर विसंबणं म्हणजे कमी परिणाम आणि पाळीची घडी विस्कटणं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. ‘दोन मुलं झाली की बाईचं ऑपरेशन करून टाकावं, कटकट संपली.’ आपण नेमकं हेच करत आलो. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 38 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पुरुष-नसबंदीचा आधार होता 0.3 टक्क्यांना. वैद्यकाच्या दृष्टीनं हे उलटं आहे. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही आणि परिणाम बाईच्या ऑपरेशनपेक्षा किंचित सरसच. तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करायची, इतकंच पथ्य. तिनं ताकद किंवा पुरुषत्व कमी होत नाही, कारण शुक्रजंतूंची वाट बंद होते, संप्रेरकांची नव्हे. मग पुरुष का बिचकतात? थोडा भाग इतिहासाचा आहे. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी सक्तीनं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायदा झालं नाही. सक्तीनं विश्वास गेला आणि भार पुन्हा बाईवर आला. दोन्ही शस्त्रक्रिया कायमच्याच समजायच्या, म्हणून मन पक्कं नसेल तर दहा वर्षं टिकणारी तांबी हा त्यांना समर्थ पर्याय आहे.

‘असल्या गोष्टी चारचौघांत कशाला?’ हा आक्षेप सर्वांत जुना. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हाही तो घेतला गेला. या विचारांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. तरी 1927 पासून ते मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. त्यांच्या काळी साधनं महाग होती, मिळायलाही कठीण. आज महापालिकेच्या दवाखान्यात ती फुकट मिळतात, आशाताई दारापर्यंत येतात. अडतं ते बोलण्यावर. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी आधी घरी ठरवाव्यात. पुढचं मूल कधी हवं, की नकोच. कोणते आजार आणि औषधं चालू आहेत. रोज आठवण राहील का. आणि दोघांपैकी साधन कोण वापरणार. लैंगिक आजाराचा धोका असेल तर दुसरं काहीही वापरलं तरी निरोध हवाच. यातला चौथा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही, आणि त्याचं उत्तर केस पेपरवर एकट्या बाईच्या नावानं लिहिलं जातं. पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी नवराही बसलेला असावा.