सरकारने सोडले, ते कोणाच्या हाती गेले?

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



खुल्या बाजाराची मागणी घेऊन आपण गावात गेलो की एक प्रश्न हटकून येतो. शाळेतले मास्तर विचारतात, बँकेतले साहेब विचारतात, डाव्या पक्षाचा कार्यकर्ता तर विचारतोच: "तुमचा खुला बाजार इंग्लंडात थॅचरबाईंनी आणला. तिथल्या गरिबाचे काय भले झाले?" आपल्यातले काही जण छातीठोकपणे सांगतात, सोने झाले. काही जण विषय बदलतात. सरकारी आकडे ताडून पाहायला ज्या चळवळीने आपल्याला शिकवले, तिने आपल्या आवडीच्या विचाराचा हिशेबही त्याच काट्यावर तोलला पाहिजे. आज आपण तो तोलू.

आधीचे दिवस काय होते?

थॅचरबाई आकाशातून पडल्या नाहीत. ग्रँटहॅम गावच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी १९७९ साली पंतप्रधान झाली, ती लोक कंटाळले होते म्हणून. १९७५ साली ब्रिटनमधली महागाई वर्षाला २४ टक्क्यांवर गेली होती. १९७६ साली, एके काळी जगावर राज्य केलेल्या या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात कर्जासाठी उभे राहावे लागले. कोळसा, वीज, गॅस, टेलिफोन, रेल्वे, पोलाद, सगळे सरकारच्या हाती. १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांनी कहर केला. लंडनच्या चौकांत कचऱ्याचे ढीग साचले आणि लिव्हरपूलला कबरी खणणारेही संपावर गेले. सामान्य माणसाचे ते सुवर्णयुग होते असे जे सांगतात, त्यांनी हा हिवाळा आठवावा.

काय पदरात पडले?

महागाई सुरुवातीला भडकली, पण १९८३ पर्यंत पाच टक्क्यांच्या आत आली. पगारावर जगणाऱ्या आणि थोडे साठवणाऱ्या माणसाला याचा फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे.

टेलिफोनचे उदाहरण घ्या. सरकारी खात्याच्या काळात जोडणीसाठी महिनोन्महिने थांबावे लागे. आपल्याकडेही ती कथा सगळ्यांच्या ओळखीची. १९८४ साली ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून थोडे जास्त भाग विकले गेले, स्पर्धक कंपन्यांना परवाने मिळाले, पुढे मोबाईल आला. जोडणी लवकर मिळू लागली आणि दर उतरले.

घरांचेही पाहा. १९८० च्या कायद्याने नगरपालिकेच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूला ते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक घरे विकली गेली. कारखान्यातला कामगार, बसचा वाहक घराचा मालक झाला. मालकी हातात आली की माणूस ताठ उभा राहतो. सात-बाऱ्यावर नाव लागणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. विकलेल्या घरांच्या पैशातून नवी घरे बांधण्यावर वरच्या सरकारने नगरपालिकांना मोठी बंधने घातली. पहिल्या पिढीला घर स्वस्तात मिळाले, तिच्या नातवंडांना मिळेना. विकलेल्यांपैकी बरीच घरे आज खासगी घरमालकांच्या हाती आहेत आणि चढ्या भाड्याने दिली जातात. बियाण्याचे दाणे विकून घरात पैसा आला, पण पुढच्या पेरणीची सोय कोणी केली नाही.

काय हातचे गेले?

१९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधले बेकार ३० लाखांवर गेले आणि १९८७ पर्यंत तिथेच राहिले. १९८४ च्या मार्चपासून वर्षभर खाण कामगारांचा संप चालला आणि मोडला. तोट्यातली खाण करदात्याच्या पैशाने कायम चालवावी असे आम्ही म्हणणार नाही. तोट्यातल्या सरकारी उद्योगांचा भार शेवटी शेतकऱ्याच्या पाठीवर येतो, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. पण यॉर्कशायर किंवा दक्षिण वेल्समधल्या खाणीच्या गावात खाणीशिवाय दुसरा रोजगारच नव्हता. पन्नाशीच्या खाण कामगाराला बाजार काय सांगणार होता? बागेची छाटणी करणारा शेतकरी आधी खत-पाण्याची तजवीज करतो. इथे नुसती कात्री चालली. परिणाम असा की आजारपणाच्या आणि अपंगत्वाच्या भत्त्यावर जगणाऱ्यांची संख्या १९७९ नंतरच्या पंधरा वर्षांत दुपटीहून जास्त झाली. खाणीचे अनुदान वाचले आणि भत्त्यात गेले. माणसाचे काम आणि मान तेवढा गेला.

विषमता मोजायला गिनी नावाचा एक आकडा वापरतात. शून्य म्हणजे सर्वांचे उत्पन्न सारखे, एक म्हणजे सगळे उत्पन्न एकाच्याच घरी. ब्रिटनमध्ये तो १९७९ साली ०.२५ च्या आसपास होता, १९९० साली ०.३४ च्या आसपास गेला. पुढे १९९७ ते २०१० मजूर पक्षाचे राज्य आले, १९९९ साली किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तरी तो फारसा खाली उतरला नाही. देश श्रीमंत झाला, मधला माणूसही वर गेला. तळचा मात्र बराचसा होता तिथेच राहिला.

पाण्याचा धडा

आता पाण्याकडे या. १९८९ साली इंग्लंड आणि वेल्समधली पाणीपुरवठ्याची दहा मंडळे विकली गेली. विकण्याआधी सरकारने त्यांचे सुमारे ५ अब्ज पौंडांचे कर्ज माफ केले. सुरुवातीला गुंतवणूक वाढली, पिण्याचे पाणी सुधारले. हेही खरे. पण घरात नळ एकच येतो. टेलिफोन कंपनी आवडली नाही तर दुसरी धरता येते. पाण्याची कंपनी बदलायला गाव सोडावे लागते. ग्राहक पळून जाऊ शकत नाही हे ओळखून कंपन्यांनी कर्ज काढले आणि मालकांना लाभांश वाटत राहिल्या. कोऱ्या पाटीने सुरू झालेल्या या कंपन्यांवर आज ६० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आहे. पहिल्या पंचवीस वर्षांत पाण्याचे बिल, महागाई वजा करूनही, सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. २०२३ साली एकट्या इंग्लंडमध्ये नद्यांत आणि समुद्रात मैलापाणी सोडण्याचे तास मोजले, तर ते ३६ लाख भरले.

रेल्वेचेही तसेच झाले. रूळ सांभाळणारी रेलट्रॅक कंपनी २००० च्या हॅटफिल्ड अपघातानंतर वर्षभरात कोसळली आणि रूळ पुन्हा सरकारी छत्राखाली गेले. गाड्या चालवण्याचे कामही सरकारकडे परत घेण्याचा कायदा २०२४ साली झाला.

सरकारी मक्तेदारी गेली आणि खासगी मक्तेदारी आली, तर याला बाजार खुला झाला असे म्हणता येत नाही. कुलूप तेच राहिले, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली.

आणि दुधाचा

आता आपल्या घरचा विषय. ब्रिटनमध्ये १९३३ साली दूध विपणन मंडळे निघाली. मंदीच्या दिवसांत डेअरीवाले एकेका शेतकऱ्याला एकटे गाठून भाव पाडत. इंग्लंड-वेल्सच्या मंडळाने सगळ्यांचे दूध एकत्र घेतले, विकले आणि पैसे वाटले. आडगावच्या शेतकऱ्याचेही दूध उचलले जाई. अर्थात सक्ती होती. मंडळाला डावलून डेअरीला दूध घालण्याची मुभा नव्हती. हुजूर पक्षाच्या सरकारने १९९४ साली ही व्यवस्था मोडली.

सक्ती गेली हे चांगलेच. शेतकऱ्यांनी आपल्या खुशीने मिल्क मार्क नावाची सहकारी संस्था काढली आणि इंग्लंड-वेल्समधल्या बहुसंख्य दूध उत्पादकांनी तिला दूध घातले. मग काय झाले? १९९९ साली मक्तेदारी आयोगाने ठपका ठेवला की ही संस्था फार मोठी आहे. २००० साली तिचे तीन तुकडे झाले. शेतकरी एकत्र आला की मक्तेदारी ठरली. पण देशातला बहुतेक किराणा मोजक्या चार-पाच दुकान-साखळ्यांच्या हाती एकवटला, तो चालला. लिटरला १९९० च्या दशकाच्या मध्याला सुमारे २५ पेन्स मिळत होते, ते २००० साली १७ पेन्सच्या आसपास आले. महाग झालेला पौंड हेही त्याचे मोठे कारण होते, पण एकटे नव्हे. वर १९८४ पासून युरोपचा उत्पादन कोटा होताच, तो २०१५ साली उठला. उत्पादनावर कोटा, गिऱ्हाईक मोजके आणि शेतकऱ्याची संस्था मोडलेली, याला कोणत्या पुस्तकात खुला बाजार म्हणतात?

तेव्हा तीस हजारांहून अधिक दूध उत्पादक होते, आज दहा हजारांच्या आसपास उरले आहेत. शहरातल्या गिऱ्हाइकाला दूध स्वस्त मिळाले, त्याची किंमत गोठ्याने मोजली. शेवटी २०२४ साली सरकारला नियम करावा लागला, की डेअरीने दूध उत्पादकाशी लेखी आणि न्याय्य करार केलाच पाहिजे. ही अक्कल तीस वर्षांनी आली.

मग आपण काय म्हणायचे?

सामान्य ब्रिटिश माणसाचे भले झाले का? जिथे त्याला दुसरे दार उघडले, तिथे झाले. जिथे जुनेच दार नव्या मालकाला विकले, तिथे झाले नाही. आणि ज्याच्या हातात काहीच नव्हते, त्याला दारे मोजूनही उपयोग झाला नाही.

यामुळे आपली मागणी मागे घ्यायची का? मुळीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ पर्यंत ती उघडली नाही. ती कोणत्याही कंपनीने नव्हे, सरकारने केली. आपल्या गळ्यातला फास अजून सरकारी आहे, तो सुटलाच पाहिजे. पण तो सुटताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय टाळी वाजवू नका. सरकारने सोडले ते कोणाच्या हाती गेले? तो भाव देत नसेल तर दुसऱ्याकडे जाता येते का? आणि ज्याचे काम जाईल, त्याच्या हातात काय ठेवले?

या बैठकीतून प्रत्येक तालुक्याने एक काम घेऊन जावे. आपल्या गावात दुधाला आणि कापसाला खरे गिऱ्हाईक किती, ते मोजा. गाड्या चार आणि मालक एकच, असे असेल तर एकच लिहा. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफचे यंत्र कोण तपासतो, वजनकाटा कोणाचा, पैसे किती दिवसांनी मिळतात, ते लिहून आणा. पुढच्या बैठकीत ही यादी समोर ठेवू. मग त्या मास्तरांना आणि बँकेतल्या साहेबांनाही बोलावू आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या आकड्यांनी देऊ.