भिंतीवरची पेटी
(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या वसाहतीच्या तळमजल्यावर, टपालाच्या पेट्यांशेजारीं, एक लहानशी पांढरी पेटी भिंतीस टांगलेली आहे. आल्यागेल्याचें तिच्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. परंतु दर रविवारीं सकाळीं चष्मा लावून मी तिच्यासमोर उभा राहतों, आंत डोकावतों आणि शेजारच्या वहींत सही करतों. मुलें त्याला 'आजोबांची पूजा' म्हणून हंसतात. ही पूजा मीं कां पत्करली, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

या पेटींत डीफिब्रिलेटर नांवाचें यंत्र आहे. नांव अवघड असलें तरी काम समजण्यासारखें आहे. आपलें हृदय एका ठराविक तालानें आकुंचन पावतें, व हा ताल हृदयांतच उत्पन्न होणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें राखला जातो. कधीं कधीं तो एकाएकीं बिघडतो. मग हृदयाचे स्नायुतंतू एकजुटीनें काम करावयाचें सोडून जो तो आपापल्या परीनें थरथरूं लागतो. रक्त पुढें ढकललें जात नाहीं, आणि कांहीं सेकंदांतच मनुष्य शुद्ध हरपून कोसळतो. अशा वेळीं छातींतून विजेचा एक जोरदार धक्का दिला, तर ती बेबंद थरथर थांबून स्वाभाविक ताल पुन्हां सुरू होण्यास अवसर मिळतो.

ही विद्या एका दिवसांत हातीं आलेली नाहीं. विजेनें हृदयांत असा कंप उत्पन्न होतो व अधिक जोराच्या धक्क्यानें तो थांबवितांही येतो, हें जिनीव्हा येथील प्रेव्हो व बातेली या संशोधकांनीं १८९९ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविलें. १९४७ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं डॉ. क्लॉड बेक यांनीं शस्त्रक्रियेच्या मेजावर एका चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयास विजेचा धक्का देऊन त्याचे प्राण वांचविले. १९५६ मध्यें डॉ. पॉल झॉल यांनीं छाती न उघडतां हेंच साधलें. पुढें १९६५ च्या सुमारास बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनीं हें यंत्र रुग्णवाहिकेंत चढविलें. मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या त्या धुडाचें वजन सुमारें ७० किलो होतें! आजचें यंत्र एका हातानें सहज उचलतां येतें. तें स्वतः बोलून सूचना देतें. चिकट पट्ट्या छातीवर लावल्या कीं हृदयाचा ताल तपासतें, आणि जरूर नसेल तर धक्का देतच नाहीं. म्हणून वैद्यक न शिकलेल्या माणसानेंही तें हातांत घेण्यास भिऊं नये.

भिण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे वेळ. छाती दाबण्याचा उपचारही न मिळाल्यास, धक्का देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबानें रोगी जगण्याची आशा शेंकडा सात ते दहांनीं घटते. आपल्या शहरांतल्या रहदारींतून रुग्णवाहिकेला यावयास किती मिनिटें लागतात, तें आपण जाणतांच.

आतां आमची कथा सांगतों. वर्गणी जमवून आम्हीं हें यंत्र घेतलें, तेव्हां नारळ फुटला, पेढे वांटले गेले, भाषणें झालीं. मी त्या वेळीं समितीवर होतों. एक भाषण माझेंही झालें. नंतर एवढी महागाची वस्तु चोरीस जाऊं नये म्हणून ती कार्यालयाच्या कपाटांत ठेवून कुलूप लावण्यांत आलें. त्या ठरावास मींच अनुमोदन दिलें होतें.

चार वर्षांनीं, ऐन पावसाळ्यांत, एका रात्रीं दुसऱ्या मजल्यावरील एक निवृत्त शिक्षक जिन्यांत कोसळले. त्यांच्या सूनबाईंची हांक ऐकून आम्ही धांवलों. किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून आपल्या घरीं! पहारेकऱ्यानें कुलूप फोडलें, त्यांत कांहीं मिनिटें गेलीं. यंत्राचें झांकण उघडलें, तर तें मुकें. बॅटरी संपलेली होती. पट्ट्यांची मुदत वर्षापूर्वींच टळून गेली होती व त्यांवरील लेप वाळून पापुद्रा झाला होता. एका तरुण शेजाऱ्यानें रुग्णवाहिका येईपर्यंत गुरुजींची छाती दाबणें थांबविलें नाहीं. पण ते वांचले नाहींत.

यंत्र चाललें असतें तर ते वांचलेच असते, असें कोणी डॉक्टर सांगणार नाहीं. परंतु तें न चालल्यानें कांहीं बिघडलें नाहीं, असेंही मला म्हणतां येत नाहीं. तेराव्यानंतर त्यांचे चिरंजीव समितीच्या बैठकीस आले. त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं. "ती पेटी आतां कोठें आहे?" एवढेंच विचारलें. पेटी पुन्हां त्याच कपाटांत होती. बॅटरीही तीच होती. त्या दिवसापासून हें काम मीं अंगावर घेतलें.

असा प्रकार आमच्याच येथें घडला असें नाहीं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९९३ ते २००८ या काळांत आलेल्या नोंदी पुढें अभ्यासकांनीं तपासल्या. रोगी दगावला व यंत्रही चुकलें अशा हजारावर नोंदी त्यांत निघाल्या; त्यांपैकीं जवळजवळ चतुर्थांश दोष पट्ट्यांचे व जोडणीचे होते, तर तितकेच बॅटरीचे. म्हणजे ज्या दोन वस्तूंवर कोणाही घरगुती माणसाला नजर ठेवतां येते, त्यांतच निम्मे दोष!

तेव्हां पाहावयाचें काय? पहिली गोष्ट दिव्याची. हें यंत्र ठराविक वेळीं स्वतःची परीक्षा घेतें व ठीक असल्यास हिरवा दिवा किंवा तशी खूण दाखवितें. दोष आढळल्यास बारीक आवाजही काढतें. परंतु बंद कपाटांतला आवाज ऐकणार कोण? पेटी उघड्यावर, जातांयेतां दिसेल अशी हवी, आणि तिला कुलूप नको.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. त्यांचें पाकीट फाटलेलें नसावें. त्यावर मुदत छापलेली असते. ती वहींत टिपावी व संपण्याच्या दोन महिने आधींच नव्या मागवाव्या. एकदां वापरलेल्या पट्ट्या पुन्हां वापरूं नयेत. आठ वर्षांखालील मुलांसाठीं वेगळ्या पट्ट्या किंवा वेगळी कळ असते. आपल्या यंत्रास काय लागतें तें आधींच पाहून ठेवावें.

तिसरी बॅटरी. यंत्राच्या जातीप्रमाणें ती साधारणपणें दोन ते पांच वर्षें टिकते. ती यंत्राला नेमून दिलेलीच घ्यावी. पाहुण्यांना गंमत दाखविण्यासाठीं यंत्र चालू केलें, तर दर वेळीं तिचा साठा घटतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

यंत्राला ऊन व ओल सोसत नाहीं. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत तें कधींही ठेवूं नये. पावसाळ्यांत गळक्या भिंतीपासून दूर ठेवावें. जोडीला कात्री, वस्तरा, कोरडें फडकें, हातमोजे आणि तोंडावर धरावयाचा पडदा असावा, कारण ओल्या किंवा दाट केसांच्या छातीवर पट्टी नीट चिकटत नाहीं. विकत घेतांना आपला पत्ता कारखानदारास कळवावा, म्हणजे कांहीं दोष निघाल्यास सूचना आपणांपर्यंत पोंचेल. आणि हें काम 'समितीचें' म्हणून सोडूं नये. एका माणसाचें नांव लिहावें, व तो गांवीं गेल्यास दुसऱ्याचें.

यंत्राइतकाच माणूसही तयार हवा. कोसळलेला मनुष्य हांकेला ओ देत नसेल व त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर एकानें १०८ वर कळवावें, दुसऱ्यानें पेटी आणावी, तिसऱ्यानें छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें पांच सेंटिमीटर खोल दाबावयास लागावें. हें हाताला वळण लागल्याशिवाय साधत नाहीं. आम्ही वर्षांतून दोनदां सर्वांस एकत्र बसवून तें शिकवितों.

खंडेनवमीस आपण हत्यारांना गंध-फूल वाहतों. पण आमचे आजोबा ती पूजा करण्यापूर्वीं विळा-कोयता घांसून, धार पाहून मगच पाटावर मांडीत. आम्हीं मात्र फुलें वाहिलीं आणि धार पाहिली नाहीं.

गेल्या रविवारीं मला ताप होता. संध्याकाळीं कसाबसा खालीं उतरलों, तों वहींत त्या दिवसाची सही झालेली. अक्षर वळणदार, पण लहान मुलाचें. खालीं लिहिलें होतें : 'दिवा हिरवा आहे. पट्ट्यांना अजून सात महिने आहेत.' गुरुजींच्या नातीनें तें लिहिलें होतें.