यौवनलोपी ग्रंथी आणि कर्करोग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत कर्करोगाच्या रुग्णांचे अर्ज आता थोडे नसतात. त्यांपैकी काहींत ‘थायमोसिन’च्या इंजेक्शनांचा उल्लेख असतो, ती घ्यावीत की नाही, त्यांच्यासाठी घरातला दागिना मोडावा की काय, असेही आम्हांस विचारण्यात येते. चिटणीसांनी या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही याच कारणाने आनंदाने मान्य केली.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात, आणि आमच्या मते हे नाव मूळ नावाहून सरस आहे. कारण बालपणी भरदार असणारी ही ग्रंथी यौवनात पाऊल पडताच आटू लागते व तिची जागा हळूहळू चरबी घेते. आटून जाणाऱ्या अवयवाचा उपयोग तो काय, अशा समजुतीने शास्त्रज्ञांनीही तिची दीर्घकाळ उपेक्षाच केली. १९६१ साली लंडन येथे जॅक मिलर हे संशोधक उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांची ही ग्रंथी काढून टाकली. त्या पिलांच्या रक्तात लसीका पेशी कमी पडल्या, ती संसर्गाने खंगली, आणि परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली असता त्यांच्या शरीराने ती झिडकारली नाही. आपले कोण आणि परके कोण, हा विवेकच लोपला होता.

हा विवेक या ग्रंथीत शिकविला जातो. अस्थिमज्जेत जन्मलेल्या कोवळ्या पेशी येथे येतात व त्यांची परीक्षा होते. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या बाद, आणि ज्या स्वकीयांवरच धावून जातात त्याही बाद. शंभरातील पंचाण्णवांहून अधिक पेशी येथेच मरतात. आपल्या विद्यापीठांचे निकालही इतके कडक नसतात! उत्तीर्ण होतात त्या ‘टी’ पेशी. कर्करोगापुढे त्यांची पंचाईत होते ती अशी की, कर्कपेशी बाहेरून आलेली नसते. ती घरभेदी असते, स्वकीयांचाच वेष पांघरून असते, आणि टी पेशींना आवरून धरणारे लगामही तिच्या हाती लागतात. हे लगाम सोडविण्याची युक्ती दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांस २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता थायमोसिनकडे वळू. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे गोल्डस्टाइन, व्हाइट व त्यांचे सहकारी यांनी वासरांच्या या ग्रंथीतून एक अर्क वेगळा केला. पुढे १९७७ मध्ये त्यातील ‘थायमोसिन अल्फा-१’ या अठ्ठावीस ॲमिनो अम्लांच्या साखळीची रचना उलगडली. आज ती प्रयोगशाळेतच जुळवितात. शत्रूचा तुकडा टी पेशींपुढे पुरावा म्हणून मांडणाऱ्या शाखायुक्त पेशी असतात, त्यांना ही साखळी जागे करते. टी पेशी परिपक्व होण्यास व ‘नैसर्गिक मारक’ पेशींचे बळ वाढण्यास तिचे साहाय्य होते. कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील ओळखखुणा तिच्यामुळे अधिक ठळक होतात, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु हीच साखळी काही प्रसंगी प्रतिकाराचा दाह शमविणारे विकरही जागृत करते. तेव्हा ‘शक्तिवर्धक’ हा शब्द तिला लावणे अपुरे आहे. शिवाय ज्या मोठ्या प्रथिनाचा ती अंश आहे, ते शरीरातील बहुतेक सर्व पेशींत सापडते. म्हणून ‘केवळ या ग्रंथीचे अमृत’ ही जाहिरातही खरी नव्हे.

ग्रंथीचे महत्त्व मात्र आम्ही कमी लेखत नाही. २०२३ मध्ये बोस्टन येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, छातीच्या शस्त्रक्रियेत ही ग्रंथी काढलेल्या प्रौढांपैकी ७.४ टक्क्यांना पाच वर्षांत कर्करोग झाला; तशीच शस्त्रक्रिया होऊनही ग्रंथी राखलेल्यांत हे प्रमाण ३.७ टक्के होते. कार्यकारणाचा निर्वाळा एवढ्यावरून देता येत नाही. पण प्रौढपणी ग्रंथी निरुपयोगी होते, हे आम्ही विद्यार्थिदशेत घोकलेले वाक्य आता तसेच म्हणवत नाही.

राहिला प्रश्न दागिन्याचा. अनेक देशांत या औषधास यकृताच्या ‘ब’ प्रकारच्या काविळीसाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत कर्करोगाचे औषध म्हणून मान्यता नाही. शरीरभर पसरलेल्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ४८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधाच्या जोडीला थायमोसिन मिळालेले रुग्ण सुमारे ९.४ महिने जगले, न मिळालेले ६.६ महिने. आकडा आशा दाखवितो खरा. परंतु गणिताच्या कसोटीवर हा फरक योगायोगानेही पडलेला असू शकतो. अशा पुराव्यावर कोणा भगिनीने मंगळसूत्र मोडावे, असे आम्ही सांगणार नाही.

निधीच्या समितीस आम्ही एवढेच सुचविले आहे की, शस्त्रक्रिया, किरणोपचार व प्रस्थापित औषधे यांचे अर्ज प्रथम निकालात काढावेत. थायमोसिनसाठी साहाय्य मागणाऱ्यांनी ते कोणत्या हेतूने द्यावयाचे, किती दिवस द्यावयाचे व त्याचा गुण कशावरून ठरविणार, याविषयी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र अर्जासोबत जोडावे. पत्राचा नमुना कार्यालयात ठेवला आहे.