बेसच्या तारा, आईचं पातेलं आणि चार फुटांचा पाइप

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना जे वाजवून दाखवलं ते कंसात लिहिलंय. तेवढं तरी हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही.)

आज गप्पा कमी आणि काम जास्त. आधी हे ऐका.

(जुन्या ई तारेवर चार ठोके. मग तीच धून धुतलेल्या तारेवर.)

ऐकलंत? पहिला आवाज म्हणजे ओली गादी झोडपावी तसा, थप थप. दुसऱ्यात प्रत्येक सूर कुठे सुरू झाला, किती वेळ टिकला, सगळं कळतं. बेस तोच, वायर तीच, अँप तोच, बोटंही माझीच. मधे फक्त एक रात्र आणि अर्धा लिटर आयपीए.

आता हे मी कसं शिकलो ते सांगतो, कारण आधी चुकीचं शिकलो होतो.

मी डोंबिवलीत राहतो. गणपती, नवरात्र, लग्नं, जिथे बोलावतील तिथे ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. माझ्या बेसला लागणारा चार तारांचा बाहेरचा सेट अडीच हजाराच्या आसपास पडतो, आणि छोट्या कार्यक्रमाचं मानधन कधी कधी त्याहून कमी असतं. मग तारा बदलणं आपण पुढे पुढे ढकलतो. गिटारवाल्यांचं बरं असतं, सहा तारा असूनही त्यांचा सेट आपल्यापेक्षा खूप स्वस्त.

गेल्या वर्षी जुलैत एका मित्राच्या गाण्यासाठी अंधेरीला रेकॉर्डिंग ठरलं. पहिल्यांदाच माझा बेस कुठल्या गाण्यात कायमचा राहणार होता. तारा वर्षभर जुन्या. कुणीतरी सांगितलं, उकळून घे, नव्यासारख्या होतात. मी आईचं मोठं पातेलं घेतलं, तारा काढल्या, वेटोळी करून दहा मिनिटं उकळल्या. पाण्यावर जो तवंग आला ना, विचारू नका. आईने तो बघितला आणि म्हणाली, "अरे, हे तू रोज बोटांनी चोळतोस? आणि त्याच हाताने पोळी खातोस?" ते पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरलं नाही. आता त्यात कढीपत्ता लावलाय.

पण तारा! शुक्रवारी तालमीला असा खणखणीत आवाज आला की ड्रमरने वळून बघितलं. मी खूश. रेकॉर्डिंग मात्र पुढे गेलं, पुढच्या बुधवारवर. बुधवारी स्टुडिओत लावून बघतो तर आवाज पुन्हा बसलेला. त्याहून वाईट म्हणजे मोकळी ई तार सुरात आणि सातव्या फ्रेटच्या वर गेलं की बेसूर. साउंड इंजिनिअरने तीन टेक ऐकले आणि शांतपणे विचारलं, "तारा कधी बदलल्यात?" मी म्हटलं, "धुतल्यात." तो काही बोलला नाही. अर्ध्या तासाने कीबोर्डवाल्या मित्राने सिंथवर माझी बेसलाइन वाजवली, दोन टेकमध्ये. त्याची चूक नाही, स्टुडिओचं भाडं तासावर होतं. परतीच्या लोकलमध्ये बेस मांडीवर घेऊन बसलो होतो. गाणं आलंय, छान आहे, मी त्यात नाही.

तर उकळलेल्या तारा पाचच दिवसांत का बसल्या? त्यासाठी तार आतून कशी असते ते बघावं लागेल.

बेसची तार ही एक तार नसते. मधे पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते, निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची किंवा स्टेनलेस स्टीलची. वरची गुंडाळी गोल तारेची असेल तर ती राउंडवाउंड. वेढ्यांच्या मधे बारीक खाचा राहतात. आपल्या बोटांचं तेल, घाम, मेलेली कातडी, वडापाव खाऊन हात न धुता वाजवलंत तर तेही, सगळं त्या खाचांत जाऊन बसतं. तार हलायला लागली की हा मऊ मळ आधी वरच्या पट्टीतले बारीक स्वर गिळतो. खालचा घुमारा राहतो, धार जाते. ढोलकी बोदी वाजते म्हणतो ना आपण, तसं.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. मळ सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे आपण जास्त वाजवतो तिथे जास्त. म्हणजे तार एका जागी जड, दुसरीकडे हलकी. अशी तार प्रत्येक फ्रेटवर नीट सुरात राहू शकत नाही. ब्रिजवर कितीही स्क्रू फिरवा. घरी तपासायचं असेल तर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळायला हवेत. सेटअप नीट असूनही जुळत नसतील तर तारेवर संशय घ्या.

आता यातलं काय धुऊन निघतं? मळ निघतो. पण फ्रेटवर आपटून आपटून तारेच्या खालच्या बाजूला जे खड्डे पडतात ते निघत नाहीत. नखाने खालून चाचपून बघा, टक टक लागतं. ताणून ताणून धातू थकतो, तोही धुऊन ताजा होत नाही. माझ्या ई तारेला खालून नुसत्या पायऱ्या झाल्या होत्या. त्यात उकळताना पाणी वेढ्यांच्या आत शिरलं. बाहेरून तार कोरडी लागते, आत ओल राहते, आणि बाहेर जुलै! ए तारेवर तपकिरी ठिपके दिसायला लागले होते. उकळण्याने आवाज येतो हे खरं, पण तो पाहुणा असतो. उद्या शो आहे आणि खिशात पैसे नाहीत, अशा वेळी ठीक आहे. पाच दिवसांनंतरच्या कामासाठी नाही.

हे सगळं मला आमच्या सरांनी सांगितलं. सरांनी पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवलाय. त्यांच्याकडे रडगाणं घेऊन गेलो. त्यांनी माझ्या तारा हातात घेतल्या, चाचपल्या आणि म्हणाले, "अरे, या मळल्या नाहीत, दमल्यात. दमलेल्याला आंघोळ घालून काय उपयोग?"

मग त्यांनी त्यांचा बेस दिला वाजवायला. त्यावर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरची गुंडाळी चपट्या पट्टीची, हाताला गुळगुळीत. मी विचारलं, सर, तुम्ही या कधी बदलल्या? सर आठवायला लागले. बराच वेळ आठवत राहिले. आणि आवाज मात्र अप्रतिम, जुन्या हिंदी गाण्यांत असतो तसा गोल, जाड.

इथे माझा गोंधळ उडाला, तुमचाही उडेल. जुन्या तारा वाईट, मग सरांच्या का चांगल्या? आणि सरच कशाला, जेम्स जेमरसन घ्या. डेट्रॉइटच्या मोटाउनच्या कितीतरी गाण्यांवर ज्याचा बेस आहे, तो माणूस. त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. १९८३ मध्ये तो गेला, त्याच्या थोडंच आधी तो बेस चोरीला गेला.

तर उत्तर असं की तुम्हाला कुठला आवाज हवाय त्यावर ठरतं. फेंडरने १९५१ मध्ये पहिला प्रिसिजन बेस आणला तेव्हा फ्लॅटवाउंडच असायच्या. त्या मुळातच मंद वाजतात, खाचा जवळजवळ नसतात, मळ आत जायला जागा कमी, त्यामुळे म्हाताऱ्याही सावकाश होतात. पियानोसारखा झणझणीत बेस हवा म्हणून राउंडवाउंड रुळल्या त्या १९६० च्या दशकात, द हू बँडच्या जॉन एन्टविसलने रोटोसाउंडबरोबर काम केलं तेव्हापासून. म्हणजे आपण त्या विकत घेतो त्याच मुळी धारेसाठी. धार गेली तर पैसे कशाचे दिले? तुमच्या बेसवर फ्लॅटवाउंड असतील तर कोरड्या फडक्याने पुसा आणि सुखाने जगा. पुढचं सगळं राउंडवाउंडवाल्यांसाठी. कोटिंगवाल्या तारा असतील तर त्याही नुसत्या पुसा, भिजवू नका.

आता पाइप. हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पीव्हीसी पाइप चार फूट कापून आणला. एका टोकाला कॅप सोल्व्हंट लावून कायमची चिकटवली आणि पूर्ण एक दिवस वाळू दिली. दुसऱ्या टोकाला आट्याचं झाकण. आयपीए म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला वापरतात ते. मी लॅमिंग्टन रोडवरून आणतो. ९९ टक्क्यांचं घ्या. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं, पण त्यातलं उरलेलं पाणीच असतं, आणि पाण्यापासूनच तर पळतोय आपण.

तारा काढताना आधी खुंट्या सैल करा, पूर्ण. ताणलेली तार कधीही कापू नका. चार तारा मिळून नेकवर साधारण ७० ते ८० किलोचा ताण असतो, सुटलेली तार तोंडावर येते. आणि धुऊन परत लावायच्या तर कापायचंच नाही, उलगडायच्या. मी एक रात्र तारा काढून ठेवतो, नेकला काही झालेलं नाही. आठ-आठ दिवस मात्र बेस बिनतारेचा ठेवू नका. तेवढ्यात फ्रेटबोर्ड कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

चारही तारा पाइपात सरळ सोडायच्या, बुडतील इतकं आयपीए ओतायचं, झाकण लावायचं. रात्रभर, जमलं तर चोवीस तास. अधूनमधून पाइप आडवा धरून हलवायचा. सकाळी काचेच्या बाटलीत गाळून घेतलं की रंग बघा, पावसाळ्यातल्या डबक्याचा. तेल विरघळतं आणि त्याला चिकटलेला मळ सुटून खाली बसतो. मग एकेक तार चिमटीत फडक्याने धरून, थोडी दाबून, बॉलच्या टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची. फडकं काळं होणं थांबेपर्यंत. तासभर लटकवून ठेवायच्या. अल्कोहोल उडून जातं, ओल मागे राहत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. हे प्रकरण पेट्रोलसारखं पेट घेतं. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातल्या निरांजनापासून लांब, सिगारेट नाही. पाइपवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, घरात लहान मूल असेल तर कुलपात. उन्हात ठेवू नका. बेसवर एक थेंबही सांडू नका, काही जुनी पॉलिशं त्याने विरघळतात. म्हणून मी तारा बेसवर असताना स्पिरिटच्या बोळ्याने पुसत नाही.

परत लावल्यावर ब्रिजच्या सॅडलजवळ आणि वरच्या नटजवळ तार अंगठ्याने हलकी दाबून बसवा. तिथे कमान राहिली तर धुतलेली तारही नीट वाजत नाही. हे कुणी सांगत नाही, आणि निम्मा फरक कधी कधी तिथेच असतो. खुंटीवरचं टोक दर वेळी वाकून कमजोर होतं, म्हणून मी एक सेट तीनदा धुतो, चौथ्यांदा नवा घेतो. धुतलेला आवाज माझ्याकडे दोनतीन आठवडे टिकतो. अगदी नव्यासारखा नसतो, खोटं का बोलू.

आणि रोजचं? वाजवण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. वाजवून झालं की आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन तारा वरून आणि खालूनही पुसायच्या. खालची बाजू सगळे विसरतात. पावसात लोकलने आलात तर बॅगेतून बेस लगेच बाहेर काढा, बॅग वेगळी वाळू द्या. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत टाका. खोबरेल लावू नका. आमच्या बँडमधल्या एकाने "गंज धरू नये" म्हणून लावलं होतं. दोन आठवड्यांत त्यावर इतकी धूळ बसली की तारा वातीसारख्या झाल्या.

गेल्या महिन्यात पुन्हा रेकॉर्डिंग मिळालं. दुसरं गाणं, दुसरा स्टुडिओ. तारा एकदा धुतलेल्या, खड्डे नसलेल्या, आदल्याच दिवशी पाइपातून काढलेल्या. मी जरा छाती फुगवूनच बसलो होतो. इंजिनिअरने पहिला टेक ऐकला, हेडफोन काढला आणि म्हणाला, "भाऊ, तारा जरा जास्तच चमकतायत. गाणं जुन्या ढंगाचं आहे, थोडा बसका आवाज मिळेल का?"

मी सरांना फोन लावला. सर हसले आणि म्हणाले, "ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकव. जुन्या फेंडरला कंपनीच लावून द्यायची."

(ब्रिजजवळ स्पंज लावून तीच धून.)

हा तो आवाज. गाण्यात हाच राहिलाय, आणि या वेळी वाजवणारा मी आहे. स्पंज घरून गेला होता, भांडी घासायचा, अर्धा कापून. आईला अजून कळलेलं नाही. ती हा पॉडकास्ट ऐकत नाही असं मी धरून चाललोय.