चार्ज कंट्रोलरवरचे आकडे कसे वाचावेत

(मे महिन्यात सोसायटीच्या सभागृहात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)



आधी एक खुलासा. महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या, नेट मीटरवाल्या सोलरबद्दल मी आज बोलणार नाही. तिला सहसा बॅटरी नसते, आणि वीज गेली की तीही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. माझा विषय आहे तो पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये भिंतीवर टांगलेला छोटा डबा, चार्ज कंट्रोलर. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो आहे, आणि जिन्यातल्या दिव्यांचा एक मीटरच्या खोलीत आहे. त्याच्यावर दिवसभर आकडे फिरत असतात. येता-जाता आपण बघतो फक्त बॅटरीचं चित्र. सगळ्या काड्या दिसल्या की समाधान!

त्या चित्रावर किती विसंबायचं, ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आपल्याच एका घरी आजोबांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत होता. संध्याकाळी साडेपाचला सूनबाईंनी कंट्रोलर बघितला. आकडा १३.१ आणि चित्र पूर्ण भरलेलं. रात्री नऊला वीज गेली आणि अकराच्या आत इन्व्हर्टर ओरडून बंद पडला. घरात भरलेला सिलिंडर होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला आला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बॅटरी गेली, बदलून टाका." म्हणजे पंधरा हजारांच्या घरातला खर्च. खरं तर बॅटरी गेली नव्हती.

मग झालं काय? मे महिन्यात साडेपाचला चांगलं ऊन असतं, म्हणजे चार्जिंग चालू असतं. त्या वेळचा आकडा फुगलेला असतो. दूध तापताना पातेलं काठोकाठ भरलेलं दिसतं, गॅस बंद केला की दूध खाली बसतं. बॅटरीचंही तसंच आहे. आणि बऱ्याचशा साध्या कंट्रोलरमध्ये ते चित्र, किंवा टक्केवारी असेल तर ती, या व्होल्टेजवरूनच काढलेली असते. म्हणून उन्हात १०० टक्के दिसतं आणि मिक्सर लावला की क्षणात ६० वर येतं. बॅटरीतली वीज काही त्या क्षणात संपत नाही.

खरा आकडा बघायचा तो पहाटे. पॅनेलवर ऊन पडण्याआधी, अर्धा-एक तास बॅटरीवर काही चालू नसताना. आपल्याकडे बहुतेकांची १२ व्होल्टची ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी आहे. तिचा विसावलेला आकडा १२.६-१२.७ असेल तर ती भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव उरली. बघा, भरलेली आणि जवळजवळ रिकामी यांत फरक जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टचा! म्हणून दशांशानंतरचा आकडा वाचायचा. "बारा आहे" एवढं सांगून मला काही कळत नाही, बारा पॉइंट किती ते सांगा. कोणाची २४ व्होल्टची जोडणी असेल तर हेच आकडे दुप्पट करा.

आजोबांच्या घरी आम्ही पहाटे बघितलं तर ११.९. चार दिवस टीव्ही, पंखे सगळं सोलरवरून काढलं आणि बॅटरी पुरती भरू दिली. मग हायड्रोमीटर घालून सहाही कप्पे तपासले. सगळे सारखे भरले. एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा बराच खाली राहिला असता तर मीही म्हटलं असतं, बदला. रोज जेवढं भरत होतं त्याहून जास्त उपसलं जात होतं, एवढाच प्रकार होता.

आता हिशेब ऐका, कारण तो चांगल्या बॅटरीलाही लागू आहे. १५० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट-अवर, १.८ युनिट. बॅटरी टिकावी असं वाटत असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. उरलं ०.९ युनिट. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो, वर इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो. म्हणजे दोन तासांच्या आसपास. त्यापुढे बॅटरी खरवडणं सुरू होतं. घरात असं यंत्र असेल त्यांनी सिलिंडर भरलेला ठेवायलाच हवा. कंट्रोलर काहीही दाखवो.

दुसरी तक्रार मला दर आठवड्याला ऐकू येते. "काका, सकाळी दहाला १४ अँपिअर होते, भर दुपारी ३ वर आले. पॅनेल बिघडलं का?" अहो, बॅटरीचं पोट भरत आलंय! अँपिअर एकटा वाचायचाच नाही, शेजारी व्होल्ट बघायचा. व्होल्ट १४.४ च्या जवळ आणि अँपिअर उतरत चाललेले, म्हणजे शेवटचा घास चाललाय. नंतर कंट्रोलर १३.५ ते १३.८ वर येऊन थांबतो, त्याला फ्लोट म्हणतात. उत्तम लक्षण. पण भर दुपारी स्वच्छ उन्हात व्होल्ट १२.८ आणि अँपिअर २, असं असेल तर मात्र गच्चीवर जा. पॅनेलवर धूळ, वाळत घातलेल्या चादरीची सावली (ही आपल्याकडे नेहमीची), सैल झालेली वायर किंवा उडालेला फ्यूज, यांतलं काहीतरी निघेल. पावसाळ्यात ढगांमुळे आकडा पडला तर त्याला इलाज नाही, वापर कमी करायचा.

पॅनेलच्या व्होल्टबद्दलही घोटाळा होतो. पॅनेलच्या मागे १८ लिहिलंय आणि कंट्रोलर १३ दाखवतो. तुमचा कंट्रोलर पीडब्ल्यूएम जातीचा असेल तर ते बरोबर आहे. तो पॅनेलला थेट बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनेलचा व्होल्ट बॅटरीच्या जवळ खेचला जातो. एमपीपीटी असेल तर पॅनेल १७-१८ वरच चालतं आणि बॅटरीकडे जाणारे अँपिअर पॅनेलच्या अँपिअरपेक्षा जास्त दिसतात. त्यात जादू नाही, जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून दिलेले असतात. आणि 'लोड'समोर शून्य दिसतं म्हणून घाबरू नका. आपले इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडलेले असतात, ते काय घेतात हे कंट्रोलरला कळतच नाही. जिन्यातले दिवे कंट्रोलरच्या लोडवर आहेत, तिथे तो आकडा खरा.

एका गोष्टीकडे कोणी बघत नाही आणि बॅटऱ्या मरतात त्या तिथेच. बॅटरीचा प्रकार. कंट्रोलरमध्ये सील्ड, जेल, फ्लडेड असे पर्याय असतात, काहींत नुसते बी-१, बी-२, बी-३. त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलू शकतो, पुस्तिकेत बघा. पाण्याच्या बॅटरीला जेलचं सेटिंग राहिलं तर ती कधीच पुरती भरत नाही. उलट झालं तर सीलबंद बॅटरी फुगते. उन्हाळ्यात तापलेल्या बॅटरीला थोडा कमी व्होल्ट लागतो, त्यासाठी तापमानाची छोटी वायर येते. ती खोक्यात पडून असेल तर आजच काढून लावा. लिथियम घेतलेल्या दोन घरांनी मी सांगितलेले पहाटेचे आकडे विसरायचे. लिथियम फॉस्फेट बॅटरीचा व्होल्ट बराच वेळ १३.२-१३.३ वरच असतो आणि शेवटी एकदम कोसळतो. तिच्या स्वतःच्या बीएमएसची टक्केवारी बघा.

शेवटचं, आणि हे याच महिन्याचं. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने इमारतींचं रंगकाम आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग होणार आहे, तेव्हा पॅनेल हलवावे लागतील. सोडताना आधी पॅनेलची वायर सोडायची, मग बॅटरीची. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. कंट्रोलर बॅटरी बघूनच ठरवतो की जोडणी १२ ची आहे की २४ ची, आणि बॅटरीशिवाय पॅनेलचा सगळा व्होल्ट त्याच्या अंगावर आला तर तो जळू शकतो. हे रंगाऱ्यांवर सोपवू नका. बी विंगचं काम सोमवारी सुरू होतंय, मी सकाळी आठला गच्चीवर असेन. ज्यांचे पॅनेल तिथे आहेत त्यांनी पहाटेचा आकडा कागदावर लिहून आणावा.