स्पितीच्या वाटेवरचा पाऊस

पाऊस म्हटला की आपले मन सुखावते. किन्नौरातून स्पितीकडे जाताना मात्र, ऑगस्टमधल्या एका सकाळी काचेवर चार थेंब पडले आणि आमच्या चालकाचा चेहरा उतरला. खाबपाशी स्पिती नदी सतलजला मिळते. तेथून पुढचा रस्ता उजाड कड्यांतून कोरून काढलेला आहे. या डोंगरांवर माती धरून ठेवील असे मूळच नाही. हिमालयाच्या उंच रांगा मोसमी ढगांना अडवितात, म्हणून येथे पाऊस क्वचितच येतो. पण आला की दगडमाती रस्त्यावर घेऊनच येतो. मलिंगच्या नाल्यावर तेच झाले होते. दोन्ही बाजूंना वाहने खोळंबलेली. पण कोणी भोंगा वाजवीना. सारे वर पाहत होते. तीन तासांनी बुलडोझरने वाट केली. आम्ही ती पायी ओलांडली. गाडी मागून रिकामी आली. चालक तेवढा आत होता, आणि त्याला ‘रिकामी’ म्हणण्याची आपली भाषा मोठी विचित्र!

संध्याकाळी ताबो गाठले. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला येथील मठ कच्च्या मातीचा आहे. १९७५ च्या भूकंपाचा धक्का त्याने सोसला. आतल्या अंधारात, त्या मातीच्याच भिंतींवर, शतकानुशतके जपलेली चित्रे आहेत. पाणी झिरपले तर त्यांचे रंग ओघळणार. रिमझिम चालूच होती. आणि एक वृद्ध भिक्षू सपाट छपरावर चढून, फावड्याने ओली माती चोपून बसवीत होता.