आधी चेंडू थांबवावा

कोलकात्याच्या उत्तर टोकाला, हुगळीच्या काठी, बागबाजार नावाची एक जुनी वस्ती आहे. महाराष्ट्राशी तिचा पहिला संबंध आला तो भीतीच्या पोटी. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा धास्तावलेल्या कोलकातावासीयांनी शहराभोवती खंदक खणण्यास आरंभ केला, तो या बागबाजारापासून. बेत सात मैलांचा होता. तीनएक मैल खणून झाले आणि मराठे काही तिकडे फिरकले नाहीत. खंदक पुढे बुजला, त्यावर रस्ता झाला, तरी ‘मराठा डिच लेन’ हे नाव तेथील एका गल्लीला चिकटून राहिले. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला, आणि त्या बर्गींचा धाक घालणाऱ्या अंगाईवर बंगालमधील कितीएक पिढ्या निजल्या.

मला आज बोलावयाचे आहे ते मुलांना निजविण्याविषयी नव्हे. त्याच वस्तीत त्यांना पहाटे उठवून मैदानावर नेणाऱ्या माणसांविषयी, आणि तेथे नेल्यावर त्यांना प्रथम काय शिकवावे याविषयी.

बागबाजार, श्यामबाजार, कुमारटुली हे सारे पाडे, म्हणजे आपल्या भाषेत आळ्या, एकमेकांना खेटून आहेत. फुटबॉलचा खेळ हिंदुस्थानी मुलांच्या अंगी मुरला तो प्रामुख्याने या टापूत. मोहन बागान क्लबची स्थापना १८८९ साली जवळच्याच फडियापुकुर भागातील एका बागबंगल्याच्या आश्रयाने झाली. गोष्ठ पाल हा मुलगा कुमारटुलीच्या मैदानावर खेळत मोठा झाला. ‘चिनी भिंत’ असा त्याचा पुढे लौकिक झाला, आणि १९६२ साली पद्मश्री मिळाली. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक गोलाने पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. त्या अकरा जणांपैकी एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. बाकीचे दहा अनवाणी. या विजयाचे पोवाडे पुष्कळ झाले. परंतु अनवाणी पायांनी बूटवाल्यांना हुलकावणी देण्याची ही विद्या त्या मुलांना आली कोठून, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

याच परिसरात उमेशचंद्र मजुमदार नावाचे गृहस्थ होते. सारे त्यांना ‘सर दुखीराम’ म्हणत. ही ‘सर’ पदवी राजाने दिलेली नव्हती, मैदानाने दिलेली होती. एरियन क्लब हा त्यांचा संसार. आळीतील पोरे हेरावी, त्यांना घासूनपुसून तयार करावे, आणि ती तयार झाली की मोठ्या क्लबांनी ती उचलून न्यावी, असा क्रम चालत असे. बंगालमधील फुटबॉलचे आद्य गुरू म्हणून त्यांचे नाव घेतात. त्यांचा पुतण्या छोने मजुमदार याच तालमीत निपजला. दुखीरामबाबूंच्या मागे, १९४० साली, एरियनने शील्डच्या अंतिम सामन्यात खुद्द मोहन बागानवर चार विरुद्ध एक अशी मात केली. दुसऱ्यांसाठी खेळाडू घडविणाऱ्या क्लबाच्या वाट्याला असे दिवस थोडेच येतात.

आता प्रथम काय शिकवावे? मुलाला विचाराल तर तो म्हणेल, लाथ मारावयास. बापाला विचाराल तर तो म्हणेल, गोल करावयास. जाणता शिक्षक मात्र चेंडू थांबवावयास शिकवितो. समोरून येणारा चेंडू ताठ पायावर आदळला की तो उडून चार हात दूर जातो, आणि तेथे प्रतिपक्षाचा गडी टपलेलाच असतो. तोच चेंडू येऊन पोचण्याच्या क्षणी पाय किंचित मागे घेतला, तर तो निमूटपणे पायाशी बसतो. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना हे निराळे सांगावयास नको. झेल घेताना हात छातीकडे ओढून घ्यावयाचे, ते याच कारणासाठी. अमेरिकेत बेसबॉल शिकविणारेही मुलाला प्रथम चेंडू हातमोज्यात अलगद सामावून घेण्यास लावतात. आणि दांडू हाती देतात तेव्हा अगदी लहान मुलांपुढे चेंडू फेकीतच नाहीत, तो कमरेइतक्या उंच खुंटीवर ठेवतात. आधी स्थिर चेंडू, मग सरपटता, मग हवेतून येणारा. खेळ कोणताही असो, पायऱ्या ह्याच. त्यांतील एखादी गाळून वर चढलेला मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत चमकतो आणि पुढे त्याला काय झाले म्हणून लोक हळहळतात.

लहानपणी जे अंगवळणी पडते ते किती खोल रुजते, याचा एक दाखला आपल्या राष्ट्रीय संघानेच दिला आहे, आणि तो महाग पडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सविरुद्ध उतरला तो बहुतांशी अनवाणी. खेळ इतका देखणा झाला की परदेशी प्रेक्षक थक्क झाले. पण दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना एक विरुद्ध दोन गोलांनी हातचा गेला. चार वर्षांनी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले, आपला एक. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. ज्यांनी बालपणापासून उघड्या पायाने चेंडूचे अंग चाचपले होते, त्यांच्या पायांत मोठेपणी चामडे आले. उघड्या पायाला चेंडू कळतो, हे खरे. पण थंड, ओलसर हिरवळीवर उघड्या पायाला जमीन धरता येत नाही. हा दोष शौर्याचा खास नव्हता. माझ्या मते दोष असलाच तर शिक्षणाच्या वेळेचा होता. बूट बारा वर्षांच्या पायात घालावयाचे होते, ते बावीस वर्षांच्या पायात घातले गेले.

लंडनच्या त्या संघाचे प्रशिक्षक होते बलाईदास चटर्जी, मोहन बागानचे जुने खेळाडू. ऑलिंपिक संघाचा प्रशिक्षक पोरांत कशाला रमेल, असे आपल्याला वाटते. पण १९४६ साली आठ वर्षांचा चुनी गोस्वामी मोहन बागानच्या बालसंघात आला, तो याच बलाईदासांच्या हाताखाली. आठ वर्षे त्या मुलाला बालसंघात शिकू दिले. १९५४ साली तो थोरल्या संघात खेळला, आणि १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. आठ वर्षांची ही सबुरी मला त्या पदकापेक्षा विलक्षण वाटते. हेच चुनीबाबू पुढे १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालच्या क्रिकेट संघाचे कप्तान म्हणून उभे राहिले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

जाकार्ताच्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. मुलाचा दुबळा पाय हा त्यांना गणितातील कच्च्या विषयासारखा वाटत असावा. केवळ कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा, अशा स्पर्धा त्यांनी भरविल्या. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला, आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. १९६३ साली रहीमसाहेब निवर्तले. त्यानंतर आशियाई सुवर्णपदक पुन्हा आपल्याकडे आलेले नाही.

आता आजच्या मैदानाकडे वळतो. रविवारी सकाळी उत्तर कोलकात्यात काय किंवा आपल्या पुण्या-कोल्हापुरात काय, दहा वर्षांच्या मुलांचे सामने चालू असतात. ध्वनिक्षेपक, गणवेश, माणसाच्या उंचीचा चषक, आणि रेषेबाहेरून ओरडणारे पालक. सामना वाईट, असे मी म्हणत नाही. सामन्यावाचून मुलाला गोडी लागत नाही. परंतु थोडा हिशेब करून पाहा. बावीस मुले, एक चेंडू आणि साठ मिनिटे. चेंडू क्षणभरही बाहेर गेला नाही असे धरले तरी एकेका मुलाच्या वाट्याला पुरी तीन मिनिटेदेखील येत नाहीत. आणि त्यांतही दांडगा मुलगा दहा मिनिटे खातो, बुजरा मुलगा कडेला गवत उपटीत उभा राहतो. तीन मिनिटांत कोणता मुलगा काय शिकणार? तेच दोन-दोन मुलांना एकेक चेंडू दिला, तर तासाभरात प्रत्येकाच्या पायाला तो शेकडो वेळा लागतो. चेंडू नवाच हवा असे नाही. शिवण उसवलेला चालतो, लहान मुलाला तर लहानच चेंडू द्यावा.

याला खर्च नाही, पण कीर्तीही नाही. भिंतीवर मारलेला चेंडू परत आला की तो उजव्या पायाने वीस वेळा, डाव्याने वीस वेळा थांबविणे, यात छायाचित्र काढण्यासारखे काही नसते. पालकांना ते वेळकाढूपणाचे वाटते आणि ते मुलाला पलीकडच्या, चषकवाल्या शिबिरात नेतात. शिकविणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. बंगालमध्ये अशा शिकविणाऱ्याला मुले ‘दा’ म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. तो बहुधा दिवसा कोठेतरी नोकरी करतो, आणि कोणा मुलाच्या घरी सकाळी पोटाला काय मिळते हे त्याला ठाऊक असते. मुलगा चुकला तर तो चारचौघांत ओरडत नाही. चेंडू हाताने उचलून पुन्हा त्याच्यापुढे सोडतो.

बागबाजारच्या गल्ल्या अरुंद आहेत, हा मात्र त्यांचा मोठा गुण. दोन्ही बाजूंना भिंती, घरांपुढे बसण्याचे ओटे, मध्ये रहदारी. चेंडू पायाशी राहिला नाही तर तो सायकलखाली जातो नाही तर एखाद्या आजोबांच्या चहात, आणि मग खेळच बंद. तेथील मुलगा म्हणून न सांगताच पाय मागे घ्यावयास शिकतो.